अकरा महिन्यांचे घर



गेल्या पावसाळ्यात मनोरचा एक तरुण माझ्याकडे आला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत त्याची नोकरी. बोईसरला एका इमारतीत भाड्याची जागा, पत्नी, दोन मुले. येताना त्याने प्लास्टिकच्या पिशवीत चार करारनामे आणले होते. चारही अकरा-अकरा महिन्यांचे. पहिल्यात भाडे ६००० रुपये, दुसऱ्यात ६६००, तिसऱ्यात ७२६०, चौथ्यात ७९८६. पाचव्याची वेळ आली तेव्हा मालकाने तोंडीच सांगितले की, आता सरळ नऊ हजार होतील. पटत नसेल तर महिनाअखेर जागा मोकळी करा.

जय भीम करून तो बसला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, कायद्याने वर्षाला चार टक्केच वाढ घेता येते असे मी ऐकले आहे. मग माझ्याकडून ही दहा टक्के कशी घेतली? दावा लावू या."

त्याने ऐकले होते ते खोटे नव्हते. तसा कायदा आहे. परंतु तो कायदा त्याच्या कागदाला लागू नव्हता, आणि हे सांगताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहणे मला जड गेले. घराच्या शोधात निघालेल्या आपल्या शेकडो कुटुंबांची गाडी याच ठिकाणी अडते. म्हणून आज थोडे विस्ताराने लिहितो.

मनोरला रेल्वे नाही. महामार्ग आहे, बाजार आहे, हॉटेले आहेत. पण कारखान्याची पाळी सांभाळायची, मुलांना बरे शिक्षण द्यायचे, किंवा मुंबईची लोकल गाठायची तर वाघोबा खिंड उतरून पालघर, नाहीतर चिल्हार फाट्यावरून बोईसर. रोज जाऊन-येऊन कंबर मोडते, म्हणून माणूस तिकडेच बिऱ्हाड करतो. १६ एप्रिल २०१३ रोजी उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि कचेऱ्या, नोकरदार, वकील, डॉक्टर सारेच इकडे जागा शोधू लागले. आता ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची कोनशिला बसली आहे. शहात्तर हजार कोटींहून अधिक खर्चाचे ते काम. बंदर उभे राहावयास वर्षे लागतील. घरमालकाच्या मनात मात्र ते आजच उभे राहिले आहे. पुढील वर्षांत भाडी कोणत्या दिशेने जाणार हे सांगावयास ज्योतिषी नको.

तेव्हा प्रश्न असा की, शहरात अशी इमारत कशी शोधावी की जिथे भाडे बेताने वाढेल? आपले लोक शोधतात ते कमी भाड्याचे घर. माझे म्हणणे असे की, कमी भाड्याचे घर शोधू नका. कमी वाढीचे घर शोधा. या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या नादात दुसरी हातची जाते.

प्रथम कायदा समजून घेऊ. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबईत भाड्यांवर पहिला निर्बंध आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९३९ व १९४४ साली पुन्हा कायदे झाले, आणि मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्याने बहुतेक जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर जणू गोठवून टाकले. गिरणीकामगाराला, हमालाला, सफाई कामगाराला त्या कायद्याने मुंबईत टिकू दिले, हे कोणीही नाकारू नये. पण त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट घडवली, ती आपल्या सभांतून कोणी सांगत नाही. भाडे वाढत नाही म्हणताच मालकाने दुरुस्ती सोडली, नवी जागा भाड्याने देणे सोडले, आणि जी जागा रिकामी होईल तिच्यासाठी पागडी मागू लागला. जो आत होता तो तरला. जो बाहेर होता, ज्याच्यापाशी पागडीची रक्कम नव्हती, त्याच्यासाठी दार बंद झाले. बाहेर राहिलेल्यांत खेड्यातून उशिरा निघालेले आपलेच लोक अधिक होते.

मग मालकांनी आणखी एक वाट काढली. भाडेकरू न म्हणता 'परवानाधारक' म्हणावयाचे. जागा भाड्याने दिली नाही, नुसती वापरावयास परवानगी दिली, असे कागदावर लिहावयाचे. यालाच आपण लीव्ह अँड लायसन्स म्हणतो. १९७३ साली कायदेमंडळाने दुरुस्ती करून, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवान्यावर राहत होते त्यांना भाडेकरू ठरवले. त्या दिवशी आत असलेल्यांना आधार मिळाला आणि दुसऱ्या दिवसापासून मालक अधिकच सावध झाले. पुढे १९९७ च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट अभिप्राय दिला की, भाडे असे कायमचे गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. ३१ मार्च २००० पासून तो अंमलात आहे.

या कायद्याच्या कलम ११ ने मालकाला दरसाल ४ टक्के वाढ घेण्याचा हक्क दिला. इमारतीत सुधारणा वा नवी सोय करावयाची असेल आणि सत्तर टक्के भाडेकरूंची संमती असेल, तर त्या खर्चाच्या १५ टक्क्यांपर्यंत वार्षिक वाढ निराळी. कलम १० ने सांगितले की, प्रमाणभूत भाडे व मान्य वाढ यांपलीकडे एक पैसाही घेणे बेकायदा आहे; घेतल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड. आपल्या तरुणाने जे ऐकले होते ते हेच. हा कायदा गावोगाव सरसकट नाही. त्याच्या अनुसूचीत नावे असलेल्या क्षेत्रांपुरता आहे. म्हणून आपली जागा त्या क्षेत्रात येते काय, हे आधी पाहून घ्यावे.

परंतु हे सारे भाडेकरूसाठी. परवानाधारकासाठी याच कायद्यात कलम २४ आहे, आणि त्याची धार उलट बाजूची आहे. परवान्याची मुदत संपली की जागा सोडावी लागते. न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई वसूल होते. लेखी करार हाच तेथे निर्णायक पुरावा. चार टक्क्यांची मर्यादा परवान्याच्या रकमेला नाही. जे कागदावर ठरले ते ठरले. जे ठरलेच नाही, ते मालकाच्या मर्जीवर.

येथे एक इशारा कळकळीने देतो. वस्तीत कोणी तरी पुढारी असतो, तो सांगतो, "बसून राहा, कोण काढतो बघू." त्या पुढाऱ्याच्या नावावर दुप्पट रक्कम लागत नाही, तुमच्या नावावर लागते. असा सल्ला मानून सात महिने बसलेल्या एका कुटुंबाचे काम मी चालवले आहे. जागा गेलीच, वर मंगळसूत्र मोडून पैसे भरावे लागले.

आता अकरा महिन्यांविषयी. हा आकडा आला कोठून? १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. नोंदणीचा खर्च व खटाटोप टाळण्यासाठी लोकांनी बारा ऐवजी अकरा महिने लिहिण्याची युक्ती केली. ती युक्ती पिढ्यान्पिढ्या चालली. पण १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने महाराष्ट्रात तिचा पायाच काढून घेतला. भाडेकरार असो वा लीव्ह अँड लायसन्स, मुदत अकरा महिन्यांची असो वा पाच महिन्यांची, तो लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाल्यास शर्तींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही तोवर.

म्हणजे अकरा महिन्यांमागचे कारण संपले. उरली ती नुसती सवय. ही सवय दलालाला फार सोयीची आहे, कारण दर अकरा महिन्यांनी त्याची दलाली पुन्हा उभी राहते. मालकालाही सोयीची, कारण दर अकरा महिन्यांनी वाढीची गोष्ट काढता येते. तुमच्या सोयीचे तिच्यात काही नाही. तरी आपण तिला कायदा समजून मान खाली घालतो. मी स्वतः सनद मिळाल्यानंतर पहिली जागा घेतली तेव्हा अकराच महिन्यांवर सही केली होती. लॉ कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला वकील! दलालाने "हेच चालते" म्हटले आणि मी मान डोलावली.

थोडे गणित पाहा. दोन बिऱ्हाडे एकाच दिवशी ६००० रुपयांवर सुरू झाली असे समजा. एकाच्या कागदात दरसाल चार टक्के वाढ लिहिलेली. दुसऱ्याचा कागद अकरा महिन्यांचा, दर खेपेस दहा टक्के. पाच वर्षे सरून सहावे लागेल त्या महिन्यात पहिला सुमारे ७३०० भरत असेल, दुसरा ९६६३. पाच वर्षांत दुसऱ्याने पहिल्यापेक्षा सुमारे ६१ हजार रुपये अधिक भरलेले असतात. त्यात पाच खेपांची दलाली, मुद्रांक व नोंदणी धरलेली नाही. कंत्राटी कामगाराच्या घरात ६१ हजार म्हणजे काय हे तुम्हांला सांगावयास नको. पहिल्याने सुरुवातीस ६३०० मोजले असते तरी तो पाच वर्षांअखेर फायद्यातच राहिला असता. कमी भाड्याचे घर आणि कमी वाढीचे घर यांत फरक करा, असे वर म्हटले ते याकरिता.

मग मागावे काय? छत्तीस महिन्यांचा एकच करार मागावा, आणि वाढ त्यातच लिहून घ्यावी. समजा पहिल्या वर्षी महिना ६०००, दुसऱ्या वर्षी ६३००, तिसऱ्या वर्षी ६६१५. म्हणजे पाच टक्के. अनामत तीस हजार. साठ महिन्यांपर्यंतच्या लीव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का आहे. अनामतीवर दरसाल दहा टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात. या उदाहरणात एकूण २,३५,९८० रुपये होतात आणि मुद्रांक येतो सुमारे ५९० रुपये. नोंदणी फी नगरपालिका हद्दीत एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. हा खर्च तीन वर्षांत एकदा. मालक कुरकुर करू लागला तर हे आकडे त्याच्यापुढे ठेवा आणि अर्धा खर्च आपण देतो म्हणा. नोंदणी आता ऑनलाइनही होते, त्यामुळे कचेरीत दिवस मोडत नाही.

मुदत लांब असून भागत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. परवाना हा मुळात मागे घेता येणारा असतो. सबब करारात स्पष्ट कलम हवे की, भाडे वेळेवर येत असेल तोवर मालक मुदतीपूर्वी जागा मागणार नाही. आणि राहणाऱ्याची नोकरी गेली वा बदली झाली तर एक महिन्याच्या सूचनेने त्याला जाता येईल, अनामत जागा सोडतानाच परत मिळेल, हेही. छापील नमुन्यात बहुधा याच्या उलट असते. मालकाला कधीही काढण्याची मोकळीक आणि तुम्हांला अडकवण्याची अट. नमुना छापील आहे म्हणजे तो बदलता येत नाही असे नाही. पेनाने खोडा, नवे लिहा, दोघांनी सह्या करा, आणि मगच नोंदणीसाठी टाइप करू द्या. भाडे बँकेतून वा फोनवरून द्या, म्हणजे नोंद राहते. रोख दिलेत तर पावती घ्या. पावती देणे हे भाडेकरूच्या बाबतीत मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, ते काही उपकार नव्हेत.

आता इमारत. दोन दशके पालघरात वकिली करताना जे दिसले ते सांगतो. जेथे उद्वाहन, बगीचा, पोहण्याचा तलाव आणि दाराशी गणवेशातला रखवालदार असतो, तेथील बरेचसे फ्लॅट गुंतवणूकदारांचे असतात. त्यांच्या डोक्यावर बँकेचा हप्ता असतो, म्हणून दर वर्षी ते भाडे ताणतात आणि चार पैसे अधिक देणारा भेटला की जुन्याला हात दाखवतात. उलट तीन-चार मजल्यांची, पंधरा-वीस वर्षांपूर्वीची, लिफ्ट नसलेली इमारत पाहा. तिचा देखभाल खर्च कमी, मालकाचे कर्ज फिटलेले. तो बहुधा निवृत्त शिक्षक, रेल्वेतला माणूस, किंवा मुलाकडे परगावी गेलेली एखादी विधवा बाई. त्यांना वाढीपेक्षा वेळेवर भाडे आणि नीट ठेवलेली जागा हवी असते. असा मालक छत्तीस महिन्यांना हो म्हणतो. जागा पाहावयास गेल्यावर भाड्याच्या आधी शेजाऱ्यांना विचारा: या जागेत आधी कोण होते, किती वर्षे होते, का गेले? पाच वर्षांत पाच बिऱ्हाडे झाली असतील तर भाडे कितीही कमी असो, नमस्कार करून परत या.

सोसायटीचा देखभाल खर्च कोण देणार हेही आधी ठरवा. "तुम्ही भाडेकरू म्हणून सोसायटी आमच्याकडून भरमसाट पैसे घेते," असे सांगून काही मालक वाढ मागतात. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे, सभासद स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटीला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. सोसायटीचे बिल मागून पाहा.

कंपनीने घेऊन दिलेल्या जागेबाबतही सावध राहा. एक कोटी वा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपनीने भाड्याने घेतलेली जागा १९९९ च्या कायद्याच्या बाहेर आहे, आणि नोकरी गेली त्या दिवशी डोक्यावरचे छप्परही जाते.

शासनाच्या व स्थानिक संस्थांच्या जागाही त्या कायद्याबाहेर आहेत, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. परळच्या पोयबावडीतील ज्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेब कित्येक वर्षे पन्नास व एक्कावन्न क्रमांकांच्या खोल्यांतून राहिले, अभ्यास केला, चळवळ चालवली, ती चाळ सार्वजनिक मालकीची. १९२०च्या दशकात बांधलेल्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील २०७ बी. डी. डी. चाळींचेही तेच. कॉलेजात असताना मी नायगावला काकांच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत राहिलो. आम्ही नऊ माणसे होतो. आठ घरात आणि मी व्हरांड्यात. पण काकूने भाड्याची चिंता केलेली मी कधी ऐकली नाही. ते भाडे कायद्याच्या चार टक्क्यांमुळे कमी राहिले नव्हते. शासनाने घर बांधून ते आपल्याकडे ठेवले, विकले नाही, म्हणून कमी राहिले. आज सरकारी योजनांत घर मिळते ते बहुधा मालकीचे, कर्जाचे. भाड्याने देण्यासाठी सार्वजनिक घरे बांधण्याची ती जुनी रीत जवळजवळ मोडली आहे. तारापूरच्या कारखान्यांत हजारो कामगार आणावयाचे आणि त्यांच्या निवाऱ्याचा भार अकरा महिन्यांच्या कागदावर सोडावयाचा, हा न्याय नव्हे.

आता त्या प्रश्नाकडे येतो, ज्याची तुम्ही वाट पाहत असाल. चांगली इमारत सापडते, मालक सज्जन असतो, भाडे पटते, आणि मग फोनवर विचारले जाते: "आडनाव काय?" नाहीतर, "तुम्ही कोणाचे?" त्यानंतर जागा "कालच गेली" असते. हा अनुभव मलाही आला आहे, काळा कोट अंगात असताना आला आहे. ज्याला पाच इमारतींची दारे बंद असतात, त्याला सहावीत मागेल ती वाढ द्यावी लागते. म्हणजे जातीची झळ शेवटी भाड्याच्या आकड्यात उतरते, आणि पावतीवर तसे कोठे लिहिलेले नसते.

यावर काही जण आडनाव बदलून सांगतात. मी त्यांना दोष देत नाही. पण वकील म्हणून सांगतो की, तसे करू नका. बाबासाहेबांसारख्या पुरुषाला १९१७ साली बडोद्यात पारशी नाव सांगून पारशांच्या विश्रामगृहात राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून घालवले. ते तर वहीत लिहिलेले नाव होते. तुमच्या करारनाम्याला आज आधार व अंगठा जोडला जातो. खोट्या नावाने जागा मिळत नाही, आणि खोटे बोलल्याचे निमित्त मात्र मालकाला मिळते.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मधील दुसऱ्या खंडात दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते आहेत, घर नाही. २००५ साली पारशांच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा तिचा उपविधी वैध मानला. हे वाचून पुष्कळजण निराश होतात व म्हणतात, आता इलाज नाही. इलाज आहे. १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, त्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळवणे वा त्यात राहणे या बाबतीत अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. किमान एक महिना, कमाल सहा महिने कैद, शिवाय दंड. पोलीस त्याची दखल घेण्यास बांधील आहेत. आणि कलम १२ असे की, अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत असे कृत्य झाले तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय धरून चालेल. उलट सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर.

नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांना येथे शंका येते की, आपण बौद्ध झालो, मग या कायद्याचा आधार सुटला काय? सुटला नाही. १९९० साली अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. मात्र जातीचा दाखला काढून ठेवलेला असावा. गुन्हा घडल्यावर दाखल्यासाठी धावू नये. आणि नकाराचा पुरावा जपा: फोनवरचा संदेश, बरोबर गेलेला साक्षीदार, त्याच जागेची त्यानंतरही चालू असलेली जाहिरात. पुरावा असेल तर फिर्याद अवश्य करा. नुसता संशय असेल तर माझा सल्ला कडू लागेल, पण देतो: पुढील इमारत पाहा. मुलांची शाळा जूनमध्ये सुरू होते, खटला सुरू व्हावयास किती जून जातील हे मी सांगू शकत नाही.

शासनाकडे आपली मागणी काय असावी? केंद्राने २ जून २०२१ रोजी नमुना भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नको आणि भाडेवाढीची सूचना तीन महिने आधी हवी, अशा चांगल्या गोष्टी आहेत. वाढ किती असावी याला मात्र त्यात लगाम नाही. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्यावाचून लागू होत नाही. आपल्यातील काही मंडळी १९४७ च्या कायद्यासारखा गोठवणारा कायदा पुन्हा मागतात. मी त्या बाजूचा नाही. भाडे गोठले की दार बंद होते, आणि दाराबाहेर कोण राहतो ते वर सांगितले आहे. परवान्यावरील जागांनाही दरसाल ठराविक टक्क्यांची मर्यादा घाला, आणि भाडे वेळेवर देणाऱ्याला किमान तीन वर्षांची मुदत द्या, एवढेच मागावे. मालकाला वाढ मिळेल, राहणाऱ्याला शाश्वती मिळेल.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हाती आहे ती माहिती. पालघर-बोईसरमध्ये कोणत्या इमारतीत आपल्या माणसांना जागा मिळाली, किती भाड्यावर, वाढ किती झाली, मालकाने अनामत परत केली की बुडवली, हे प्रत्येकाला एकट्याला ठाऊक असते आणि कोणी कोणाला सांगत नाही. मनोरच्या पौर्णिमेच्या बैठकीत आम्ही गेल्या वर्षापासून एक वही ठेवली आहे. इमारतीचे नाव, मजला, भाडे, वाढ, मुदत, एवढेच तिच्यात लिहितो. मालकाची निंदानालस्ती लिहीत नाही. त्या वहीतूनच वर सांगितलेल्या तरुणाला पालघर पूर्वेला दुसऱ्या मजल्यावरची जागा सापडली. एका निवृत्त मास्तरांची ती जागा. भाडे आठ हजार दोनशे, म्हणजे त्याच्या जुन्या जागेपेक्षा अधिकच. पण करार छत्तीस महिन्यांचा, वाढ पाच टक्के, मुदतीपूर्वी काढणार नाही हे कलम मास्तरांनी स्वतःच्या हाताने लिहून दिले. त्याची पत्नी मला म्हणाली, "साहेब, चार वर्षांत पहिल्यांदाच भिंतीला खिळा ठोकला."

त्या कराराचा मराठी मसुदा मी नावे गाळून तयार ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी पुढील पौर्णिमेच्या बैठकीस येऊन प्रत न्यावी, आणि येताना आपल्या चालू कराराची छायाप्रत बरोबर आणावी, म्हणजे वहीत नोंद करून घेता येईल.